राखणदाराची मजुरी कोणी द्यायची?

कारखान्याला टाळे लागले की कारखान्याचा खर्च थांबला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खरी गोष्ट निराळी आहे. भोंगा थांबतो, पगार थांबतात, धुराडे थंड पडते. पण खर्च काही थांबत नाही. फाटकावर रात्रंदिवस पहारा ठेवावा लागतो, नाही तर आठ दिवसांत तांब्याच्या तारा नाहीशा होतात आणि महिन्याभरात मोटारी. वाऱ्याने पत्रे उडाले तर ते पुन्हा बसवावे लागतात. विम्याचा हप्ता भरावा लागतो. शीतगृह असेल तर विजेचे बिल चुकवून भागत नाही. दोन दिवस वीज तुटली तर आतला माल उकिरड्यावर टाकायच्या लायकीचा होतो. मालक तर हात वर करून मोकळा झालेला. मग हा खर्च करायचा कोणी, आणि शेवटी तो सोसायचा कोणी? श्रोते हो, आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे. ऐकायला क्षुल्लक वाटेल; पण देशोदेशींच्या न्यायालयांनी ह्या प्रश्नावर पुष्कळ वर्षे खल केला आहे, आणि कायदेमंडळांना एकदा केलेली व्यवस्था पुन्हा मोडून नव्याने बसवावी लागली आहे.

आधी ह्या नाटकातली पात्रे ओळखून घेऊ. पहिला ऋणको, म्हणजे बुडालेली कंपनी. तिच्यासमोर धनको, आणि धनकोंच्या दोन जाती. एक तारणी धनको. ह्याने कर्ज देतानाच जमीन, इमारत, यंत्रे असे काहीतरी गहाण लिहून घेतलेले असते. बहुधा ही बँक असते. दुसरा बिनतारणी. कच्चा माल उधारीवर देणारा व्यापारी, छापखानेवाला, ट्रकवाला, ह्यांच्याजवळ बिलाच्या कागदाखेरीज काही नसते. कामगार हा तिसराच. आपण कंपनीचे धनको आहोत हे त्याला पुष्कळदा कंपनी बुडाल्यावरच कळते! आणि ह्या सर्वांच्या मधोमध उभा असतो अवसायक. शब्द जरा जड आहे खरा, पण सहकारी संस्थांच्या कृपेने तो आपल्याकडे खेड्यापाड्यांपर्यंत पोचलेला आहे. बुडालेल्या संस्थेचा ताबा घ्यायचा, तिची मालमत्ता गोळा करायची, विकायची, आणि कायद्याने ठरवलेल्या क्रमाने पैसा वाटून टाकायचा, हे अवसायकाचे काम. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने तर ह्या कामासाठी वकील किंवा हिशेब-तपासनीस यांच्यासारखा एक नोंदणीकृत पेशाच निर्माण केला. हा पेशेवाईक धर्मादाय काम करीत नाही. त्याची स्वतःची फी असते. शिवाय पहारेकरी, मूल्यांकन करणारा, वकील, कारकून ह्या सर्वांना त्याला पैसे मोजावे लागतात.

आता घोटाळ्याचे मूळ कशात आहे ते बघा. तारणी धनकोला दिवाळ्याच्या बाहेर उभे राहण्याची मुभा कायद्याने फार पूर्वीपासून दिलेली आहे. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या २८ व्या कलमात ती स्वच्छ लिहिलेली सापडते. ऋणकोची मालमत्ता न्यायालयाच्या हाती गेली, तरी तारणी धनकोच्या तारण वसूल करण्याच्या अधिकाराला त्यामुळे बाध येत नाही, असा त्या कलमाचा आशय. पंगतीच्या भाषेत सांगायचे तर बाकीचे सगळे एका रांगेत बसतात आणि असेल ते वाटून घेतात. तारणी धनकोचे ताट मात्र आधीच वाढून वेगळे ठेवलेले असते. आचाऱ्याचा खर्च पंगतीवर टाकायचा, हे कोणालाही पटेल. पण त्या वेगळ्या ताटातले पदार्थही त्याच आचाऱ्याने रांधलेले असले तर? त्या ताटवाल्याने काही द्यायचे की नाही?

हे हिशेबाने पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावी एक कारखाना आहे. जमीन आणि इमारत बँकेकडे गहाण, आणि बँकेचे येणे ४ कोटी रुपये. कंपनी बुडाली. अवसायकाने महिना १८,००० रुपये पगारावर ४ पहारेकरी २४ महिने ठेवले. त्याचे झाले १७ लाख २८ हजार. विमा, मूल्यांकन आणि लिलावाच्या जाहिराती मिळून आणखी २ लाख ७२ हजार. म्हणजे जमीन-इमारत राखून ती विकेपर्यंत २० लाख गेले. ह्याखेरीज संचालकांनी पैसा कुठे वळवला हे शोधण्यासाठी जुन्या वह्या तपासून घेतल्या, त्याला ६ लाख लागले. लिलावात जमीन-इमारतीचे ३ कोटी आले. तारणात नसलेले भंगार आणि किरकोळ येणी मिळून अवसायकाच्या स्वतःच्या पेटीत जमले फक्त ५ लाख.

बँक म्हणते, “तीन कोटी सगळेच्या सगळे माझे. तेवढे घेऊनही माझे एक कोटी बुडतातच. तुमच्या पहारेकऱ्यांशी माझा संबंध काय?” अवसायक म्हणतो, “अहो, पहारेकरी नसते तर तुम्हाला तीन कोटी दिसले असते का?” दोघांचेही बोलणे आपापल्या जागी बिनतोड वाटते. बँकेचे खरे मानले, तर पहारेकऱ्यांच्या मजुरीला पेटीतले ५ लाख पुरणार नाहीत. उरलेले १५ लाख अवसायकाच्या खिशातून जाणार, आणि पुढच्या वेळी कुठलाही शहाणा अवसायक अशा कारखान्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. उलट सगळे २६ लाख बँकेच्या पैशातून कापले, तर संचालकांच्या वह्या तपासण्याचा खर्चही तिच्या माथी बसला. त्या तपासातून उद्या काही वसूल झाले, तर ते तिच्या तारणात मोडेलच असे नाही.

ह्या पेचातून सुटण्याची वाट आपल्या नेहमीच्या व्यवहारातच आहे. १८७२ च्या करार कायद्याचे ७० वे कलम असे, की एखाद्याने कायदेशीर रीतीने दुसऱ्यासाठी काही काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ उठवला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. दोघांत करार झालेला असलाच पाहिजे असे नाही. आयत्या बिळावर नागोबा होण्याची सोय त्या कलमाने ठेवलेली नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ७२ व्या कलमानेही तेच सुचवले. गहाण घेणाऱ्याने गहाण मालमत्ता नाशापासून वाचवण्यासाठी जरूर तो खर्च केला, तर तो त्याला मूळ रकमेत मिळवता येतो. म्हणजे राखणीचा खर्च राखलेल्या वस्तूवरच बसतो. २००२ च्या सरफेसी कायद्यातही, बँकेने स्वतः तारण विकले तर विक्रीच्या पैशातून आधी जप्ती-विक्रीचा खर्च आणि मग कर्ज, असा क्रम घातला गेला. मला वाटते, बँकेच्या युक्तिवादाला ह्याहून चांगले उत्तर नाही. स्वतः राखण केली असती तर जो खर्च तुम्ही पहिल्याने वळता करून घेतला असता, तोच दुसऱ्याने केला म्हणून तो फुकट कसा होईल?

मुंबई बंदराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हे नवे वाटणार नाही. उच्च न्यायालयाच्या हुकमाने एखादे जहाज अडकवले जाते, तेव्हा त्यावर पहारा, त्याला पाणी, इंधन, बंदराचे भाडे हे चालूच राहते. पुढे जहाज विकले, की जहाज गहाण असलेल्या बँकेच्याही आधी शेरीफचा हा खर्च भागवतात. तिथे कोणी कुरकुर करीत नाही, कारण खर्च केला नसता तर जहाज तळाशी गेले असते, हे डोळ्यांना दिसत असते. कारखाना तळाशी जाताना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

कंपनीच्या दिवाळ्याला हे तत्त्व फार रेखीवपणे लावले गेले ते ऑस्ट्रेलियात, १९३३ साली. ‘युनिव्हर्सल डिस्ट्रिब्यूटिंग’ नावाच्या कंपनीचे अवसायन चालले होते. न्यायमूर्ती होते ओवेन डिक्सन, पुढे १९५२ ते १९६४ ह्या काळात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाचे मुख्य न्यायाधीश झाले तेच. त्यांनी खर्चाचे दोन भाग केले. अवसायनाचा सर्वसाधारण खर्च एकीकडे; त्यापुढे तारणाचा मान वरचा, तो खर्च तारणी धनकोच्या पैशाला शिवू शकत नाही. पण तारणातली वस्तू ताब्यात घेऊन तिचे पैसे करण्यासाठी जो खर्च आला, आणि अवसायकाच्या मोबदल्यातला जेवढा भाग त्याच कामाचा, तो मात्र त्या पैशातूनच निघाला पाहिजे. आपल्या उदाहरणाला हे माप लावले, तर २० लाख बँकेच्या तीन कोटींतून जातील आणि वह्या तपासण्याचे ६ लाख पेटीतल्या पाचांतून. तरीसुद्धा एका लाखाचे भोक उरतेच, आणि छापखानेवाल्याच्या हाती भोपळा येतो तो येतोच. कायदा न्याय्य वाटणी करू शकतो. नसलेला पैसा आणू शकत नाही.

इथवर सोपे होते. पुढे जी गाठ बसली ती त्याच देशात, २०१४ साली सुटली, आणि ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. न्यूट्रॉनिक्स ही एक कंपनी. ॲटको कंट्रोल्स ही तिची मूळ मालक कंपनी. मालकाने आपल्याच मुलीच्या, म्हणजे उपकंपनीच्या, मालमत्तेवर तारण लिहून घेतले होते. उपकंपनी बुडाली. ॲटकोने तारणाच्या जोरावर आपले रिसीव्हर नेमले. अवसायकाचे म्हणणे पडले, की हे तारण कायद्याने टिकणारे नाही. त्याने ॲटकोवर आणि रिसीव्हरांवर दावा लावला. पदरी पैसा नव्हता, म्हणून सीली इंटरनॅशनल ह्या दुसऱ्या धनको कंपनीने दाव्याच्या खर्चाची हमी घेतली. चालता चालता रिसीव्हरांनी तडजोड केली आणि साडेबारा लाख डॉलर देऊन ते मोकळे झाले. ॲटकोविरुद्धचा दावा मात्र अवसायक अपिलात हरला. तारण खरे ठरले.

आता पंचाईत बघा. तारण खरे, म्हणजे उपकंपनीची सगळी मालमत्ता ॲटकोची. मग तडजोडीचे साडेबारा लाखही तिचेच. अवसायक म्हणाला, “पैसा तुमचा असेल, पण तो माझ्या खटपटीने आला. माझा खर्च आधी वळता करा.” ॲटकोचे उत्तर तुम्ही-आम्हीही दिले असते: “तुम्ही माझ्यावरच दावा लावला, आणि त्या दाव्याचा खर्च मीच द्यायचा?” व्हिक्टोरिया राज्याच्या अपील न्यायालयाला ॲटकोचे म्हणणे पटले. सर्वोच्च न्यायपीठाला पटले नाही. अवसायकाने मनात कोणाचे हित धरले होते हा प्रश्नच नव्हे, असे त्या न्यायपीठाने ठरवले. त्याने आपल्या कर्तव्याला धरून वाजवी काम केले का? त्या कामातून हा निधी उभा राहिला का? आणि तारणी धनको तोच निधी मागायला आला आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर खर्च त्या निधीतूनच गेला पाहिजे. मला हा निकाल प्रथम वाचला तेव्हा विचित्र वाटला. विचार करता बरोबर वाटतो. विहीर खणणाऱ्याने ती कोणासाठी खणली ह्यापेक्षा पाणी कोण भरतो, ह्यावर मजुरीचा हिशेब करणे अधिक सरळ आहे.

लंडनमध्ये वारे उलट वाहिले. तिथे तारणाचे दोन प्रकार करतात. एक स्थिर, म्हणजे अमुक जमीन, अमुक इमारत असे बोट दाखवून लिहिलेले. दुसरे फिरते, म्हणजे गोदामातला माल, येणी अशा रोज बदलणाऱ्या चीजवस्तूंवरचे. फिरते तारण सर्वच व्यवसायाला गुंडाळून बसत असल्यामुळे पुष्कळदा अवसायकाच्या पेटीत काहीच उरत नाही. मालमोटारी बनवणारी लेलँड डॅफ कंपनी १९९३ मध्ये कोसळली, तिथे हाच प्रसंग आला. अवसायकाने आपला खर्च फिरत्या तारणातल्या पैशातून मागितला. २००४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो दावा फेटाळला. इथे पैशाच्या दोन पेट्या आहेत, एक तारणी धनकोची आणि दुसरी बाकीच्यांची. दुसऱ्या पेटीच्या कारभाराचा खर्च पहिलीतून काढता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. त्यामागचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. परिणाम मात्र असा, की रिकाम्या कंपनीच्या लबाड संचालकांची चौकशी करायला कोणी उरेना. पार्लमेंटने हा निकाल २००६ च्या कंपनी कायद्याने उलटवला, आणि एप्रिल २००८ पासून अवसायनाचा सर्वसाधारण खर्चदेखील, पेटीतला पैसा अपुरा पडला तर, फिरत्या तारणातून घेण्याची मोकळीक दिली. पण एक खुंटी मारून ठेवली. खर्च कोर्टकज्जाचा असेल, तर त्याला आधी त्या धनकोची किंवा न्यायालयाची संमती हवी. स्थिर तारणाला मात्र ह्या नियमाने हात लावला नाही.

हे असे कायद्याने का करावे लागले, ह्याचे कारण समजून घेतले पाहिजे. बँक तारणावर कमी व्याजाने कर्ज देते ती खात्रीच्या भरवशावर. उद्या त्या तारणातून कोण किती कापून नेईल ह्याचा नेम राहिला नाही, तर ती व्याज वाढवील किंवा कर्जच देणार नाही, आणि त्याची झळ चालू धंद्यांना लागेल. म्हणून कापायचे ते किती आणि कशासाठी, हे आधी ठाऊक असणे बँकेच्याही सोयीचे असते.

आता आपल्या घरी येऊ. १९५६ च्या कंपनी कायद्यात १९८५ साली एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप तेव्हा ताजा होता आणि बंद गिरण्यांतल्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न ऐरणीवर होता. त्या दुरुस्तीने कामगारांची देणी तारणी धनकोच्या बरोबरीला आणून बसवली. ही गोष्ट गाजली. तिच्याच शेजारी एक छोटी अट घातली गेली, तिची फारशी चर्चा झाली नाही. तारणी धनकोने बाहेर राहून स्वतः तारण वसूल करायचे ठरवले, तर वसुलीपूर्वी अवसायकाने तारण राखण्यासाठी जो खर्च केला त्यातला आपला हिस्सा त्याने द्यावा, अशी ती अट. शब्द मोजूनमापून घातलेले होते. राखणीचा खर्च तेवढा, बाकीचा नाही.

२०१६ च्या संहितेने ही चौकट पुष्कळच रुंद केली. तिची रचना अशी झाली की कंपनी बुडाली म्हणून लगेच लिलाव नाही. आधी काही काळ सर्वांचे हात बांधायचे. ह्या स्थगितीत तारणी धनकोलाही तारण विकता येत नाही. त्या अवधीत नादारी-व्यावसायिक कंपनीचा कारभार हाती घेतो, ती चालती ठेवतो, तिला घेणारा कोणी मिळतो का ते पाहतो. कर्ज देणाऱ्यांची समिती त्याच्यावर देखरेख करते. ह्या खटपटीचा सगळा खर्च, त्यात त्याची फी आली, कंपनी चालवण्याचा खर्च आला, मधल्या काळात काढलेले कर्जही आले, हा निराकरणाचा खर्च. गिऱ्हाईक मिळाले नाही तर कंपनी अवसायनात जाते. तिथे ५३ व्या कलमाने जो क्रम लावला, त्यात निराकरणाचा आणि अवसायनाचा खर्च पहिल्या पायरीवर, तोही पुरता. दुसऱ्या पायरीवर मागील २४ महिन्यांची कामगारांची देणी आणि आपले तारण सामायिक पेटीत सोडून देणारे तारणी धनको, दोघे बरोबरीने.

तारण सोडायचे की बाहेर राहून विकायचे, ही निवड धनकोची. पण बाहेर राहिला म्हणून तो सुटला नाही. ५२ व्या कलमाच्या आठव्या पोटकलमाने सांगितले, की त्याच्याकडून येणे असलेला निराकरणाचा खर्च त्याच्या वसुलीतून कापून अवसायकाकडे द्यावा. जुलै २०१९ मध्ये अवसायनाच्या विनियमांत २१-क हा विनियम घालून ह्याला तारखा बांधल्या. निवड ३० दिवसांत कळवायची, नाही तर तारण सामायिक पेटीत गेले असे धरायचे. आणि बाहेर राहायचे असेल तर, तारण सोडले असते तर खर्चाचा आणि कामगारांच्या देण्याचा जेवढा भार अंगावर आला असता तेवढा ९० दिवसांत भरायचा.

१९८५ ची अट आणि ही तरतूद ह्यांतला फरक ध्यानात आला ना? तिथे राखणीपुरता खर्च होता. इथे कंपनी वाचवण्याच्या सबंध खटाटोपाचा खर्च आहे, मग त्या खटाटोपाने ह्या धनकोच्या जमिनीची किंमत एका पैशाने वाढलेली असो वा नसो. डिक्सनसाहेबांचे माप इथे लागू पडत नाही. ह्याचे समर्थन होऊ शकते. कंपनी चालती ठेवावी असे समितीतल्या मोठ्या बँकांनीच मताने ठरवलेले असते. जो ठरवतो त्याने खर्च द्यावा. पण समितीत मताचे वजन कर्जाच्या रकमेवर असते. ज्याचे कर्ज थोडे आणि तारण पक्के, असा एखादा लहान धनको पहिल्याच दिवशी सांगत असतो, की बाबांनो, ह्यात काही जीव नाही, विकून टाका. त्याचे मत पडते. वर्षभराने कंपनी अवसायनात जाते, त्याचे म्हणणे खरे ठरते, आणि त्या वर्षाच्या खर्चाचा वाटा त्याच्या पुढ्यात येतो. त्याची कुरकुर मला अवाजवी वाटत नाही.

आणि खर्च म्हणजे तरी किती? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा धोका ह्या पेशाला कायमचाच चिकटलेला आहे. राखणदारच शेत खाऊन बसला, तर तारणी काय नि बिनतारणी काय, दोघेही उपाशी. ह्यावर तोड एकच, आणि ती कायद्यापेक्षा वहीच्या शिस्तीत आहे. अवसायकाने पहिल्या दिवसापासून प्रत्येक तारणाचे खाते वेगळे ठेवावे. हा पहारा कोणत्या जागेचा, ही जाहिरात कोणत्या मालाची, हे तास कोणत्या कामाचे, हे त्या त्या दिवशी लिहावे. आणि पहारेकरी ठेवायच्या आधी बँकेला एक पत्र टाकावे: जागा तुम्ही ताब्यात घेता की मी राखू? राखली तर दरमहा एवढा खर्च येईल. त्या पत्राला उत्तर आले तर प्रश्नच मिटला, आणि नाही आले तरी पुढे न्यायाधिकरणासमोर ते पत्र शंभर युक्तिवादांचे काम करते. सगळा खर्च एका गाठोड्यात बांधून दोन वर्षांनी बँकेपुढे आपटणाऱ्याला मात्र त्यातला कोणता रुपया कोणत्या जमिनीवर गेला हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

राहता राहिला तो फाटकावरचा माणूस. कारखाना चालू असताना तो कंपनीचा पहारेकरी होता; त्या काळचा त्याचा पगार थकला असेल, तर ते कामगाराचे देणे, म्हणजे दुसरी पायरी, बँकेबरोबर वाटून जे हाती येईल ते. टाळे लागल्यावर अवसायकाने त्यालाच कामावर ठेवले, तर त्या दिवसापासूनची मजुरी हा खर्च, म्हणजे पहिली पायरी, पुरता रुपया. माणूस तोच, फाटक तेच, काठीही तीच! मधल्या काळाचे काय, हा प्रश्न एबीजी शिपयार्ड ह्या जहाजबांधणी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दहेजच्या गोदीतले आणि मुंबईच्या कचेरीतले कामगार-कर्मचारी निराकरणाच्या काळातला पगार खर्च म्हणून मागत होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने ठरवले, की त्या काळात कंपनी खरोखर चालवली जात होती आणि त्यांनी तिथे खरोखर काम केले, असे दिसले, तर तो पगार पहिल्या पायरीवर. नुसते नाव पटावर होते, काम नव्हते, तर खालच्या पायरीवर. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाच्या निधीतला पैसा तर ह्या पेट्यांच्या बाहेरचाच, तो धनकोंच्या वाटणीत येत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. कोणी किती दिवस काम केले ह्याचा पुरावा अवसायकापुढे मांडायचा, असे कामगारांना सांगण्यात आले. तेव्हा बंद पडत चाललेल्या कारखान्यातल्या माणसाने हजेरीपटाची एक नक्कल आपल्या घरी ठेवलेली बरी. कचेरीतले कपाट कोणाच्या ताब्यात जाईल ह्याचा त्या दिवसांत काही भरवसा नसतो.